रात्रभर उपाशी राहूनही सकाळची साखर का वाढते? यकृतातील जनुकनियंत्रक प्रथिनांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या देवगडच्या एका विद्यार्थिनीने आपल्या वडिलांबद्दल विचारले आहे. वडील ५२ वर्षांचे आहेत, अंगाने सडपातळ आहेत, आंब्याच्या बागेत दिवसभर राबतात आणि दारूला शिवत नाहीत. तरीही सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले आणि उपाशीपोटीची साखर १३८ आली. "रात्री यकृतच साखर तयार करते," असे डॉक्टरांनी सांगितले. ही साखर तयार करण्यात जनुकनियंत्रक प्रथिनांचा हात किती, एकच यकृत एकाच वेळी साखर आणि चरबी दोन्ही का बनवते, आणि या प्रथिनांवर थेट चालणारे औषध किंवा आहार आहे का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी आधी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो आणि गेली अनेक वर्षे रत्नागिरी-सिंधुदुर्गात मधुमेहाचे व यकृताचे रुग्ण पाहतो. असे वडील माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिने बनवणारी सुमारे वीस हजार जनुके असतात, आणि डोळ्याच्या पेशीत जी असतात तीच यकृताच्या पेशीतही असतात. त्यांपैकी कोणते जनुक कोठे वाचले जाईल, किती जोमाने वाचले जाईल आणि केव्हा थांबेल हे ठरवणारी सुमारे १,६०० प्रथिने माणसात आहेत. हीच जनुकनियंत्रक प्रथिने. असे प्रत्येक प्रथिन डीएनएवरच्या एका लहानशा, ठरावीक अक्षरक्रमाच्या तुकड्याला ओळखून तेथे बसते, जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तेथे बोलावते किंवा अडवते, आणि त्यामुळे संदेशवाहक आरएनए जास्त किंवा कमी तयार होतो. त्या आरएनएवरून विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) बनते आणि विकराच्या प्रमाणावर रासायनिक क्रियेची क्षमता ठरते. झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये जिवाणूंच्या लॅक्टोज पचवण्याच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. यकृतात तत्त्व तेच आहे, मात्र येथे एकेका जनुकावर अनेक प्रथिने एकाच वेळी बसतात आणि त्यांच्या एकत्रित मतावर निर्णय होतो.

पाठ्यपुस्तकातील आकृत्यांमुळे एक गैरसमज सहज होतो, तो आधीच दूर करतो. यकृताचे सगळे नियंत्रण जनुकांच्या पातळीवर होत नाही. बागेत पायाशी फुरसे दिसले की काही क्षणांत रक्तातील साखर चढू लागते. त्यात कोणतेही जनुक वाचले जात नाही, ॲड्रेनालिनच्या इशाऱ्यावर आधीच तयार असलेल्या विकराला फॉस्फेटचा गट जोडला जातो आणि ग्लायकोजेन, म्हणजे यकृतातला साखरेचा साठा, फुटू लागतो. जनुकनियंत्रक प्रथिनांचा अंमल तासांच्या मापाने चालतो: पुढच्या जेवणापर्यंत किंवा पुढच्या उपासापर्यंत यकृताकडे कोणती विकरे किती असावीत हे ती ठरवतात. त्याहून संथ, वर्षांच्या मापाने चालणारा तिसरा थर म्हणजे पेशी यकृताचीच राहावी यासाठीची व्यवस्था. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मधला थर सर्वांत महत्त्वाचा आहे, पण पहिला आणि तिसरा विसरला तर उत्तर अर्धवट राहते.

तिसऱ्या थराबद्दल थोडक्यात सांगतो. फॉक्सए कुळातील प्रथिने गर्भावस्थेत घट्ट गुंडाळलेला डीएनए प्रथम उघडतात, आणि मग एचएनएफ-४-अल्फा, एचएनएफ-१-अल्फा यांसारखी प्रथिने यकृताच्या शेकडो जनुकांवर ठाण मांडून बसतात. २०११ मध्ये दोन वेगळ्या गटांनी अशी दोन-तीन प्रथिने उंदराच्या साध्या संयोजी पेशींत घालून त्यांच्याकडून यकृतासारखे काम करून घेतले, यावरून त्यांची ताकद कळते. यांपैकी एचएनएफ-१-अल्फाच्या जनुकात बिघाड झाला की मोडी या तरुणपणी दिसणाऱ्या, वारशाने येणाऱ्या मधुमेहाचा एक प्रकार होतो. हे प्रथिन यकृतात सापडले म्हणून त्याला यकृताचे नाव मिळाले, पण तो मधुमेह प्रामुख्याने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या कमकुवतपणामुळे होतो. सडपातळ कुटुंबात आजोबा, वडील आणि मुलगा अशा ओळीने पंचविशीच्या आत-बाहेर मधुमेह दिसला तर जनुकचाचणीचा विचार करावा, कारण या प्रकारात इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया या मधुमेहाच्या गोळ्यांच्या अल्प मात्रेवर साखर उत्तम आटोक्यात राहू शकते. तुमच्या वडिलांना पन्नाशीत झालेला आजार आणि सोबत फॅटी लिव्हर पाहता मला ही शक्यता कमी वाटते.

आता रात्रीचे काम जवळून पाहू. समजा साडेआठला भात, आमटी आणि तळलेला बांगडा असे जेवण झाले. दहाच्या सुमारास रक्तात इन्सुलिन भरपूर आहे. इन्सुलिन यकृतपेशीच्या बाहेरच्या ग्राहकाला (रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, तेथून इशारा एकेटी या विकरापर्यंत जातो आणि एकेटी हे फॉक्सओ-१ या जनुकनियंत्रक प्रथिनाला तीन जागी फॉस्फेट लावते. फॉस्फेट लागलेल्या फॉक्सओ-१ला दुसरे एक प्रथिन धरून केंद्रकाबाहेर ठेवते. तो डीएनएपर्यंत पोहोचूच शकत नाही, त्यामुळे साखर बनवणाऱ्या विकरांची जनुके शांत असतात. मध्यरात्रीनंतर इन्सुलिन ओसरते, फॉस्फेट निघतात, फॉक्सओ-१ केंद्रकात परततो आणि दोन जनुकांवर विशेष जोर देतो. पहिल्यावरून पेपसीके हे विकर बनते, ते नवी साखर बनवण्याच्या मार्गातील सुरुवातीच्या पायऱ्यांवर काम करते. दुसऱ्यावरून ग्लुकोज-६-फॉस्फेटेज बनते, ते शेवटच्या पायरीवर फॉस्फेट काढून साखर रक्तात जाण्याजोगी मोकळी करते.

त्याच वेळी स्वादुपिंडातून ग्लुकागॉन हे इन्सुलिनच्या उलट काम करणारे संप्रेरक येत असते. त्याने पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, पीकेए हे विकर जागे होते आणि क्रेब नावाच्या प्रथिनाला सेरीन या अमिनो आम्लाच्या एका ठरावीक जागी फॉस्फेट लावते. क्रेबचा सहकारी सीआरटीसी-२ एरवी केंद्रकाबाहेर अडकलेला असतो, तो आत येतो. दोघे मिळून पेपसीकेचे जनुक तर चालवतातच, शिवाय पीजीसी-१-अल्फा हे साहाय्यक प्रथिन वाढवतात आणि मग ते फॉक्सओ-१च्या कामाला आणखी बळ देते. पेपसीकेचा संदेशवाहक आरएनए अर्ध्या-पाऊण तासात निम्मा होण्याइतका अल्पायुषी आहे. म्हणूनच सकाळी न्याहारीनंतर इन्सुलिन आले आणि नवे वाचन थांबले की जुना संदेश लवकर संपतो. संदेश दीर्घायुषी असता तर जेवण झाल्यावरही साखर बनवण्याचा आदेश तासन्‌तास चालू राहिला असता.

हे सगळे निरोगी माणसाला अत्यावश्यक आहे. यकृतात साधारण शंभर ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि मेंदूला एकट्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. रात्रभराच्या उपवासानंतर सकाळी यकृत जी साखर सोडते तिच्यातील जवळपास निम्मी साठ्यातून आलेली असते आणि निम्मी लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नव्याने बनवलेली असते. एकादशीचा उपास लांबला की यकृत पीपार-अल्फा या आणखी एका प्रथिनाच्या आधाराने मेदाम्ले (चरबीचे घटक) जाळू लागते आणि त्यांपासून कीटोन हे पर्यायी इंधन बनवू लागते. पीपार-अल्फा नसलेले उंदीर उपाशी ठेवले की त्यांची साखर कोसळते आणि यकृत चरबीने भरते, कारण चरबी शरीरातून यकृतात येत राहते पण जाळली जात नाही. मधुमेहात मात्र इन्सुलिन असूनही त्याचा आवाज यकृतपेशीच्या या मार्गावर पोहोचत नाही. फॉक्सओ-१ केंद्रकातच राहतो, ग्लुकागॉनचा जोर कायम असतो आणि पोट रिकामे असताना यकृत गरजेपेक्षा जास्त साखर ओतत राहते. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते एवढ्यापुरते अगदी बरोबर आहे.

आता जेवणानंतरची बाजू. भाताचे ग्लुकोज यकृतात आले आणि इन्सुलिन वाढले की एसआरईबीपी-१सी हे प्रथिन वाढते. ते मेदाम्ले बनवणाऱ्या विकरांची जनुके उघडते, आणि जास्तीची साखर चरबीत बदलण्याची तयारी होते. त्याच्या जोडीला सीएचआरईबीपी असते, ते २००१ मध्ये ओळखले गेले. त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही, पेशीत शिरलेल्या साखरेच्या फॉस्फेटयुक्त रूपांवरूनच ते जागे होते. फ्रुक्टोज यकृतात जवळजवळ बेलगाम शिरते आणि सीएचआरईबीपीला जोरदार चालना देते. उसाची साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज. म्हणून मी रुग्णांना भातापेक्षा आधी सरबताबद्दल विचारतो. एप्रिल-मेमध्ये बागेत काम करताना दिवसातून पाच-सहा पेले कोकम किंवा आवळ्याचे साखरेच्या पाकातले सरबत पिणारे पुष्कळ आहेत, आणि "मी गोड खात नाही" असे ते अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इन्सुलिनला यकृत दाद देत नसेल तर साखर बनणे थांबणार नाही हे समजले. पण मग इन्सुलिनच्याच हुकमाने होणारे चरबी बनवणेही थंडावायला हवे होते. प्रत्यक्षात ते वाढलेले असते. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हा विरोधाभास नेमक्या शब्दांत मांडला: यकृताची इन्सुलिनविषयीची बधिरता निवडक असते. फॉक्सओ-१ला बाहेर काढणारी शाखा बधिर होते, एसआरईबीपी-१सी वाढवणारी शाखा शाबूत राहते. खारभूमीच्या बांधाला दोन उघाड्या (पाणी सोडायची दारे) असाव्यात, एकीची झडप गंजलेली असावी, आणि ती हलावी म्हणून राखणदार दोन्हींना जोडलेल्या साखळीवर अधिकाधिक जोर लावत जावा, म्हणजे गंजलेली थोडीशी हलते पण धड असलेली सताड उघडते. तसे हे आहे. साखर दाबण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन वाढवत जाते आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनचा पुरता परिणाम चरबी बनवण्यावर होतो.

हा केवळ तर्क नाही, त्याला माणसातला पुरावा आहे. इन्सुलिनच्या ग्राहकातच जन्मजात दोष असलेल्या व्यक्तींत इन्सुलिनचा कोणताच निरोप पेशीत पोहोचत नाही. त्यांची साखर वाढते, इन्सुलिन प्रचंड वाढते, तरीही त्यांना फॅटी लिव्हर होत नाही आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) वाढत नाहीत. उलट ग्राहक चांगला पण त्याच्या पुढचा एकेटी-२ (एकेटीचाच एक प्रकार) दोषयुक्त असलेल्या व्यक्तींत यकृतात चरबीही साठते आणि ट्रायग्लिसराइडही वाढतात. यकृतातून इन्सुलिनचा ग्राहक काढून टाकलेल्या उंदरांतही असेच आढळले: साखर वाढली, ट्रायग्लिसराइड वाढले नाहीत. मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांत दोन्ही एकत्र वाढलेले दिसतात, म्हणजे त्यांची बधिरता अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणातच आजाराचे मूळ आहे.

मात्र या चित्राला एक महत्त्वाची दुरुस्ती जोडलीच पाहिजे. २०१२ मध्ये असे दाखवले गेले की उंदरांच्या यकृतातून एकेटी आणि फॉक्सओ-१ दोन्ही काढून टाकले तरी जेवणानंतर इन्सुलिन यकृताची साखर बऱ्यापैकी दाबू शकते. म्हणजे इन्सुलिन यकृतावर बाहेरूनही राज्य करते: ते पोटातल्या आणि अंगातल्या चरबीपेशींतून मेदाम्ले सुटू देत नाही, आणि यकृतात येणारी मेदाम्ले कमी झाली की साखर बनवण्याचे इंधन आणि चालना दोन्ही कमी होतात. फॅटी लिव्हरमध्येही हेच दिसते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांच्या यकृतातील चरबी कोठून आली याचा माग काढला गेला, तेव्हा सुमारे ५९ टक्के रक्तातल्या मेदाम्लांपासून, २६ टक्के यकृताने स्वतः बनवलेली आणि १५ टक्के थेट आहारातून आलेली निघाली. अभ्यास लहान होता आणि रुग्ण स्थूल होते, तरी दिशा स्पष्ट आहे. एसआरईबीपी-१सी आणि सीएचआरईबीपी मिळून सुमारे पाव हिश्शाला जबाबदार आहेत. अधिक मोठा हिस्सा चरबीपेशी इन्सुलिनचे ऐकत नाहीत म्हणून येतो.

येथेच "बाबा तर बारीक आहेत" या आश्चर्याचे उत्तर आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात आपल्याकडची नवजात बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास आढळली; पण त्यांच्या अंगातील स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. वजनाच्या काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटाच्या आत चरबी असू शकते, आणि त्वचेखालच्या चरबीची साठवण क्षमता लवकर संपली की उरलेली मेदाम्ले यकृताकडे वळतात. शिवाय पीएनपीएलए-३ या जनुकाचा एक सामान्य प्रकार, ज्याचा यकृतातील चरबीशी संबंध २००८ मध्ये दिसून आला, चरबी यकृतातून उतरू देत नाही, आणि हे जनुक स्वतः एसआरईबीपी-१सीच्या हुकमाने चालते. म्हणून वडिलांचे वजन सांगण्यापेक्षा त्यांच्या कमरेचा घेर मोजून सांगा. आपल्याकडे पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या वर गेला की मी त्याला बारीक म्हणत नाही.

कोलेस्टेरॉलची बाजू याच कुळातील एसआरईबीपी-२ सांभाळते, आणि तिची रचना इतकी सुबक आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे प्रथिन एरवी केंद्रकात नसतेच. ते पेशीच्या आतील पडद्यात स्कॅप नावाच्या प्रथिनाला जोडून रोवलेले असते. त्या पडद्यातील मेदरेणूंत कोलेस्टेरॉलचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांच्या वर असेल तर इन्सिग नावाचे तिसरे प्रथिन या जोडीला जागीच धरून ठेवते. प्रमाण त्याखाली आले की पकड सुटते, जोडी गॉल्जी पिंडाकडे जाते, तेथे दोन विकरे एसआरईबीपी-२ला दोन जागी कापतात, आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) पकडणाऱ्या ग्राहकाचे आणि कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकरांचे जनुक उघडतो. स्टॅटिनच्या गोळीचा खरा फायदा येथे आहे: ती यकृतातील कोलेस्टेरॉल बनवणारे विकर अडवते, पेशीला टंचाई जाणवते, एसआरईबीपी-२ सुटते, यकृताच्या पृष्ठभागावर ग्राहक वाढतात आणि ते रक्तातले एलडीएल खेचून घेतात. ग्राहकांना नष्ट करणारे पीसीएसके-९ हे प्रथिनही त्याच हुकमाने वाढते. गोळीची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी सुमारे ६ टक्केच का उतरते, याचे हे एक कारण आहे.

वेळेचा प्रश्न किनारपट्टीवर विशेष लागू पडतो. यकृतपेशीत बीमॅल-१ आणि क्लॉक या प्रथिनांची जोडी पर आणि क्राय या प्रथिनांची जनुके चालवते, ती प्रथिने साठून उलट याच जोडीला अडवतात, आणि हे चक्र सुमारे चोवीस तासांचे असते. या चक्राच्या शोधासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूचे घड्याळ उजेडावर चालते, पण उंदरांत २००० मध्ये स्पष्ट दिसले की यकृताचे घड्याळ जेवणाच्या वेळेने फिरते. त्या घड्याळातील रेव्ह-अर्ब हे प्रथिन दिवसाच्या ठरावीक प्रहरी चरबी बनवणाऱ्या जनुकांना दाबते. पहाटे तीनला होडी बाहेर काढणारे, रात्री अकराला जेवणारे आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पुन्हा घरच्या वेळेवर येणारे खलाशी मी पाहतो. त्यांच्या यकृताचे आणि मेंदूचे घड्याळ जुळणे कठीण असते. माणसातील पुरावा उंदरांइतका पक्का नाही, तरी रात्रीचे जेवण लवकर आणि रोज ठरावीक वेळी घेण्याचा सल्ला देताना मला संकोच वाटत नाही.

औषधांचा विषय निघाला की दोन प्रथिने आठवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या पेशीतील ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकाला चिकटतात, तो स्वतः केंद्रकात जाऊन पेपसीकेसारखी जनुके चालवतो. म्हणून सांधेदुखीसाठी कोणी नाव-पत्ता नसलेल्या पुड्या घेत असेल आणि साखर अचानक भडकली असेल तर त्या पुड्या आधी तपासाव्यात, पण बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात. क्षयरोगातील रिफॅम्पिसिन पीएक्सआर या प्रथिनाला चिकटते आणि यकृतातील औषधे मोडणारी विकरे कित्येक पटींनी वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरतात, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची मात्रा पुरत नाही, मधुमेहाच्या काही गोळ्याही तोकड्या पडतात, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावर सुमारे दोन आठवड्यांत सगळे उलट फिरते. उंदराचे पीएक्सआर रिफॅम्पिसिनला फारशी दाद देत नाही. जनुकनियंत्रक प्रथिनांबद्दल उंदरांतले निष्कर्ष माणसाला लावताना हा धडा तुम्ही अभ्यासात लक्षात ठेवावा.

आहाराबद्दल. तारली आणि बांगड्यातील लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले एसआरईबीपी-१सीचे प्रमाण कमी करतात आणि पीपार-अल्फाला चालना देतात. ट्रायग्लिसराइड त्यांनी नक्की उतरतात, यकृतातील चरबी थोडी कमी होते, पण यकृत कडक होण्याची प्रक्रिया थांबते असे सिद्ध झालेले नाही. मासा जरूर खावा, कालवणात खावा, आणि त्याच्या नावाखाली भाताचा तिसरा वाढा घेऊ नये. कोकमातील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल चरबी बनवण्याच्या मार्गातील एका विकराला परीक्षानळीत अडवते, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. परंतु सोलकढीतून मिळणाऱ्या प्रमाणाने यकृतातील चरबी उतरते असे कोणी दाखवलेले नाही, आणि त्याच कुळातील फळांच्या अर्काच्या वजन कमी करण्याच्या कॅप्सूल घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी आवडते म्हणून प्यावी, कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. गुग्गुळाचेही तसेच झाले: त्यातील एक घटक एफएक्सआर या पित्ताम्ले ओळखणाऱ्या प्रथिनाला अडवतो असे २००२ मध्ये दिसले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील नियंत्रित चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी किंचित वाढले. प्रयोगशाळेतील एका प्रथिनावरचा परिणाम म्हणजे माणसावरचा फायदा नव्हे.

मग थेट औषध आहे का? आहे, पण सगळ्या प्रथिनांवर नाही. पीपार, एफएक्सआर, थायरॉइड ग्राहक यांसारख्या प्रथिनांत लहान रेणू बसण्याजोगी नैसर्गिक खोबण असते, म्हणून त्यांच्यावर औषधे बनली. भारतात पीपार-अल्फा आणि गॅमा या दोन्हींवर चालणाऱ्या सारोग्लिटाझारला २०१३ मध्ये मधुमेहातील वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी आणि २०२० मध्ये फॅटी लिव्हरच्या दाहयुक्त प्रकारासाठी मान्यता मिळाली. यकृतातील थायरॉइड ग्राहक-बीटावर चालणाऱ्या रेस्मेटिरोमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तीही यकृत मध्यम ते बऱ्याच प्रमाणात कडक झालेल्या, पण सिरोसिस न झालेल्या रुग्णांसाठी. एफएक्सआरवरच्या ओबेटिकोलिक आम्लाला मात्र फॅटी लिव्हरसाठी अमेरिकी नियामकांनी २०२३ मध्ये नकार दिला. फॉक्सओ-१ आणि एसआरईबीपी-१सीला अशी सोयीची खोबण नाही, शिवाय फॉक्सओ-१ बीटा पेशींत, स्नायूंत आणि रक्तवाहिन्यांतही काम करतो, त्यामुळे त्याला सरसकट अडवणारी गोळी धोक्याची ठरेल. दुकानात मिळणारी "लिव्हर टॉनिक" यांपैकी कोणत्याही प्रथिनावर माणसात सिद्ध झालेले काम करत नाहीत. त्यांवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या वडिलांसाठी आज जे हाताशी आहे ते असे. इन्सुलिनची साखळीवरची ओढ कमी करायची, म्हणजे सरबताची साखर बंद, भात निम्मा आणि त्या जागी कुळीथ, वाल, पालेभाजी. रात्रीचे जेवण लवकर. बागेतल्या कामाव्यतिरिक्त आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंवर ताण देणारा व्यायाम, कारण स्नायूंनी उचललेली साखर यकृताच्या वाट्याला येत नाही. स्थूल रुग्णाला यकृतातील दाह उतरवण्यासाठी ७ ते १० टक्के वजन कमी करावे लागते, सडपातळ रुग्णात ३ ते ५ टक्क्यांनीही चरबी उतरू शकते. साखरेसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच ठेवावी. आणि यकृत कितपत कडक झाले आहे हे केवळ सोनोग्राफीवरून सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांना फिब-४ काढायला सांगा. त्याला वय, एएसटी व एएलटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची विकरे) आणि प्लेटलेट एवढ्या चारच गोष्टी लागतात आणि त्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होतात. वयाला एएसटीने गुणून त्या गुणाकाराला, प्लेटलेट हजारांत घेऊन आणि एएलटीच्या वर्गमुळाने गुणून आलेल्या संख्येने भागावे. उत्तर १.३ च्या खाली आले तर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासावे. त्याहून वर आले तर यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनसाठी रत्नागिरी, कोल्हापूर किंवा गोवा, जे जवळ पडेल तेथे न्यावे.